गोधडीला तारीख कुठे असते?

इतिहासाचा पुरावा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? ताम्रपट, शिलालेख, दफ्तरातला मोडी कागद. गोधडी कुणाच्या मनात येत नाही. तिच्यावर ना तारीख, ना शिवणारीचं नाव. तरीही तिचा काळ काढता येतो. आज ती रीत बघू, कारण संशोधनाचा विषय निवडताना ‘याला पुरावाच नाही’ असं आपण फार लवकर म्हणतो.

मुंबईहून अहमदाबाद महामार्गाने निघालात की दहिसर ओलांडल्यावर काशिमीरा लागतं. तिथून भाईंदरच्या बाजूला वळलात की हाटकेश. छोटे औद्योगिक गाळे आणि त्यांना खेटून उंच इमारती. मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ची, महापालिका २००२ची. म्हणजे शहर तरुण आहे. पण इथे राहायला आलेल्या माणसांच्या वळकट्या जुन्या आहेत. सहलीला जाता-येता अशा भागात गाद्या-रजयांचं दुकान दिसलं, तर दहा मिनिटं थांबा.

आधी शब्द नीट लावून घ्या. नव्या कापडाच्या खोळीत कापूस भरून टाके घातले की ती रजई किंवा दुलई. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवली की गोधडी. कुठे तिलाच वाकळ म्हणतात. दुकानात मुख्यतः रजया विकल्या जातात. गोधडी तिथे बहुधा दुरुस्तीला येते, आणि आपलं काम तिथूनच सुरू होतं.

अशाच एका दुकानात मी एक उसवलेली गोधडी पाहिली. वर टेरिकॉटचं ठिगळ, खाली शाळेच्या गणवेशाची खाकी, त्याखाली नऊवारीचा विरलेला काठ. मी विज्ञान शाखेतून आलेय, त्यामुळे मला खडकांचे थर आठवले. पण इथे जपून. खडकात खालचा थर सहसा आधीचा असतो. गोधडीत तसं नसतं. शिवणारी बाई घरात असेल ते कापड कुठेही घालते. क्रम थरांनी कळत नाही, टाक्यांनी कळतो. धावदोरा ठिगळाच्या आरपार गेला असेल, तर ते कापड गोधडी शिवतानाच तिथे होतं. ठिगळ फक्त कडेने टाचलेलं असेल आणि त्याच्याखाली जुना धावदोरा तसाच चालू असेल, तर ते नंतर लागलंय.

आता काळ. पॉलिएस्टरचा धागा इंग्लंडमध्ये १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधला. भारतात टेरिलिन पसरलं ते १९६०च्या दशकात. म्हणजे धावदोरा टेरिकॉटमधून आरपार गेला असेल, तर ती गोधडी त्याआधी पुरी झालेली असूच शकत नाही, मग आतलं लुगडं आजीच्या लग्नातलं का असेना. नियम लक्षात ठेवा : एकत्र शिवलेल्या कापडांपैकी सगळ्यात नवं कापड गोधडीची ‘याच्या आधीची नाही’ अशी मर्यादा ठरवतं. ‘याच्या नंतरची नाही’ हे मात्र ते सांगत नाही. जुनं कापड पेटीत वीस वर्षं पडून राहू शकतं.

धागा ओळखायला सूक्ष्मदर्शक पुरतो. कापसाचा तंतू पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, पॉलिएस्टरचा गुळगुळीत कांडीसारखा. रंगाचं गणित अवघड आहे. पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग १८५६ साली बनवला, त्यामुळे तसा रंग सापडला तर खालची मर्यादा मिळते. पण १८९७मध्ये बाजारात आलेली कृत्रिम नीळ आणि झाडापासूनची नीळ, दोन्हींचा मुख्य रेणू एकच. नुसत्या निळ्या रंगावरून काळ सांगायला जाऊ नका.

मग फार जुन्या गोधड्या का मिळत नाहीत? इथे हाटकेशच्या आसपासचाच इतिहास कामी येतो. वसईचा किल्ला आणि घोडबंदरचा परिसर १७३०च्या दशकाच्या अखेरपर्यंत पोर्तुगीजांकडे होता. याच पोर्तुगीजांनी सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालमधून रेशमी भरतकामाच्या गोधड्या युरोपात नेल्या. त्यांतल्या काही आज लंडनच्या, बोस्टनच्या संग्रहालयांत आहेत. त्या टिकल्या, कारण त्या श्रीमंतांच्या घरात जपून ठेवल्या गेल्या. आपल्याकडची गोधडी रोज अंगावर घेतली गेली, धुतली गेली, विरल्यावर दुसऱ्या गोधडीच्या पोटात गेली. संग्रहालयातल्या वस्तूंवरूनच इतिहास लिहिला, तर आपण फक्त न वापरलेल्या वस्तूंचा इतिहास लिहू.

आणि पुरावा आजही नाहीसा होतोय. दुकानात जुन्या गादी-रजईतला कापूस यंत्रात पिंजून पुन्हा भरतात. गोधडी उसवून तिच्या चिंध्या पुसायला वापरतात. यात दुकानदाराचा दोष नाही, त्याचं ते पोट आहे. पण एकदा धावदोरा ओढून काढला की कोणतं कापड आधी, कोणतं नंतर, हे कायमचं गेलं. धागा कितीही तपासा, टाक्यांचा क्रम परत येत नाही.

म्हणून एवढं करा. घरातली गोधडी उसवायला जाण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, सोबत मोजपट्टी ठेवून. आरपार गेलेले आणि वरवर टाचलेले तुकडे वेगळे नोंदवा. आणि शिवणारी हयात असेल तर तिच्याशेजारी बसून एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा, हे कुणाचं? तिची आठवण आणि तुमचा टाका जुळले तर उत्तम. नाही जुळले तर दोन्ही लिहून ठेवा. संशोधनाचा खरा प्रश्न बहुतेक वेळा त्या न जुळण्यातच सापडतो.