वेंगुर्ला रॉक्स

महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वेंगुर्ले बंदरापासून सुमारे 15 किमी. अंतरावर अरबी समुद्रात असलेला खडकाळ बेटांचा पुंजका. लहानमोठे वीसेक खडक. वस्ती नाही, आहे ते जहाजांना सावध करणारे दीपगृह. निवतीचा किनारा त्याहून जवळ, म्हणून निवती रॉक हे नावही प्रचलित आहे. समुद्रपक्ष्यांच्या विणीसाठी एवढी मोलाची जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम 1875 साली लक्षद्वीपच्या सफरीत इथे आले होते. हुमायून अब्दुलअली यांनी इथल्या सुरय आणि पाकोळ्यांवर लिहिलेला लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1942 मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्यांवरून काळी पट्टी गेलेला ब्रायडल्ड सुरय इथे उघड्या खडकाच्या कपारीत अंडी घालतो. ऐन पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, तेव्हा खवळलेला समुद्रच या विणीची राखण करतो.

पाकोळीच्या नशिबी हे संरक्षण नाही. तिचा हंगाम उन्हाळ्यातला, म्हणजे समुद्र शांत असतानाचा. गुहेच्या काळोखात टकटक आवाज काढून, त्याच्या प्रतिध्वनीवरून ती वाट काढते आणि भिंतीला लाळेने अर्ध्या बशीसारखे घरटे चिकटवते. लाळेत पिसे व काडीकचरा मिसळलेला असतो. आत दोन पांढरी अंडी. लाळेच्या घरट्यांना चिनी सूपसाठी परदेशात मोठी किंमत मिळते. घरटे खरवडून नेले की पाकोळी पुन्हा बांधायला घेते. तेही गेले तर हंगाम वाया जातो. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेला 2001च्या सुमारास इथल्या गुहेत चक्क बांबूच्या परांच्या बांधलेल्या आढळल्या. भाऊ काटदरे आणि सहकाऱ्यांनी पाठपुरावा करून ही चोरी उजेडात आणली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत पाकोळीला स्थान मिळण्यामागे हा पाठपुरावा मोठा होता.

याच संस्थेने 2002 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. कासविणीच्या मागावरून घरटे हुडकायचे, शंभरेक अंडी अलगद काढून कुंपणातल्या वाळूत तेवढ्याच खोल पुरायची, वर बांबूची टोपली पालथी घालायची आणि पिल्ले बाहेर येण्याच्या सुमारास रोज सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहायची. साधारण 45 ते 60 दिवसांत पिल्ले वर येतात. पूर्वी अंडी खाणारी वा विकणारी माणसेच पुढे राखणदार झाली. 2006 पासून वेळासला कासव महोत्सव भरतो आणि गावातल्या घरांना पाहुण्यांचे चार पैसे मिळतात. वेंगुर्ले तालुक्यात वायंगणीच्या किनाऱ्यावरही ग्रामस्थ आणि वनखाते अशी घरटी जपतात.

कासवाला गाव मिळाले, तसे पाकोळीला मिळालेले नाही. तिच्या खडकावर गावच नाही. 1987 मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य सुमारे 29 चौ. किमी. आहे, पण ते सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात. हे खडक त्याच्या हद्दीबाहेर राहतात. पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या क्षेत्रांच्या यादीत त्यांचे नाव आहे, मात्र यादीत नाव आल्याने पहारा बसत नाही. खरी गरज आहे ती मार्च ते जून या महिन्यांतल्या नियमित गस्तीची. दीपगृहावर जाणारे कर्मचारी आणि निवतीचे मच्छीमार यांच्या नजरेला इथली हालचाल सर्वांत आधी पडते. गस्तीची आखणी त्यांना सोबत घेऊनच व्हायला हवी.