गोल्फचा पहिला कप्तान : एक बंडखोर शल्यवैद्य आणि त्याला वाचवणारा न्यायाधीश

१/ इनव्हर्नेस, १७४६ चा वसंत. कलोडनच्या रणांगणावर पराभूत झालेल्या बंडखोर सैन्याचा एक शल्यवैद्य कैदेत पडला होता. राजद्रोहाची शिक्षा काय असते हे तो जाणून होता. त्याच्यासाठी रदबदली करणारा मनुष्य मात्र त्याच्या पक्षाचा नव्हता. तो राजाच्या बाजूचा, स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश होता. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे खेळाचे एक मैदान.

२/ त्या शल्यवैद्याचे नाव जॉन रॅट्रे. गोल्फच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या लिखित नियमांखाली त्याची स्वाक्षरी आहे, आणि ‘गोल्फचा कप्तान’ ही पदवी लीथ येथे सर्वप्रथम त्यालाच मिळाली. गोल्फ क्लबचा कप्तान म्हटले की आज समारंभ, मेजवान्या आणि भाषणे डोळ्यांसमोर येतात. या पदाचा मूळ अर्थ निराळा होता. हा धागा त्या अर्थाविषयी आहे.

३/ लीथ हे एडिनबरोचे बंदर. तेथील समुद्रकाठच्या उंचसखल, वालुकामय, गवताळ जमिनीला ‘लिंक्स’ म्हणत. अठराव्या शतकात या मैदानावर गोल्फचे अवघे पाच होल होते. जमीन सार्वजनिक असल्यामुळे खेळाडूंच्या वाटेत वाटसरू, घोडे आणि कुत्री सर्रास येत. अशा ठिकाणी वाद होणे अटळ होते, आणि वाद मिटवण्यासाठी कोणीतरी लागणारच होते.

४/ ७ मार्च १७४४ रोजी एडिनबरोच्या नगरपरिषदेने स्थानिक गोल्फप्रेमींच्या विनंतीवरून वार्षिक स्पर्धेसाठी चांदीची एक गोल्फकाठी देण्याचे मान्य केले. प्रवेश शुल्क पाच शिलिंग. जमलेली रक्कम विजेत्याची. काठी मात्र शहराच्याच मालकीची राहणार होती. विजेत्याने तिला सोन्याचा किंवा चांदीचा एक तुकडा जोडायचा, म्हणजे विजयाची खूण मागे ठेवायची, अशी अट होती.

५/ विजेत्याला त्या वर्षापुरते ‘गोल्फचा कप्तान’ म्हटले जाई. खेळाडूंमधील सर्व तंटे त्याने सोडवायचे. मैदानाची देखरेखही त्याचीच. कोणी जागेवर अतिक्रमण केले, तर नगराध्यक्षांकडे तक्रार नेण्याचे काम त्याचे. म्हणजे कप्तानपद निवडणुकीने वा घराण्याच्या प्रतिष्ठेने मिळत नसे. ते खेळून जिंकावे लागे, आणि जिंकल्यावर न्याय करावा लागे.

६/ २ एप्रिल १७४४ रोजी पहिली स्पर्धा झाली आणि रॅट्रेने ती जिंकली. या स्पर्धेसाठी केलेले तेरा नियम आजही स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेले आहेत. त्यांखाली सही आहे ती ‘जॉन रॅट्रे, कप्तान’ अशी.

७/ नियम अत्यंत साधे आहेत. चेंडू आधीच्या होलपासून एका काठीच्या अंतराच्या आत ठेवून खेळ सुरू करावा. चेंडू पाण्यात गेला, तर तो बाहेर काढून मागे टाकावा आणि प्रतिस्पर्ध्याला एक फटका बहाल करावा. माणूस, घोडा, कुत्रा किंवा अन्य कशानेही चेंडू अडला, तर तो जिथे थांबला तिथूनच खेळावा. पुस्तकात बसून सुचलेले हे नियम नव्हेत. मैदानावर झालेल्या भांडणांतून ते निघाले आहेत.

८/ हे खेळाडू होते कोण? वकील, वैद्य, व्यापारी, जमीनदार. पैजा लावून खेळावे आणि खेळ संपला की लकी क्लेफनच्या खानावळीत क्लॅरेट मद्यासह भोजनाला बसावे, असा त्यांचा शिरस्ता. टॉमस मॅथिसनने १७४३ साली ‘द गॉफ’ नावाचे विनोदी वीरकाव्य छापले. त्यात लीथच्या खेळाडूंमध्ये रॅट्रेचे कौशल्यासाठी नाव घेतलेले आहे. तो उत्तम धनुर्धरही होता.

९/ परंतु त्या टेबलाभोवती बसणाऱ्यांत एक खोल दरी होती. १६८८ च्या क्रांतीत स्टुअर्ट राजा जेम्स याला सिंहासन सोडून पळावे लागले. त्याच्या वंशजांनाच खरे राजे मानणाऱ्यांना ‘जॅकोबाइट’ म्हणत. रॅट्रेचे वडील टॉमस हे स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे बिशप. या चर्चची निष्ठा मोठ्या प्रमाणावर स्टुअर्टांकडे होती.

१०/ दुसऱ्या बाजूला होता कलोडनचा डंकन फोर्ब्स, १७३७ पासून मुख्य न्यायाधीश आणि राजा दुसरा जॉर्ज याचा निष्ठावंत. गोल्फचा त्याला विलक्षण नाद होता. लीथचे मैदान बर्फाने झाकले गेले, तर तो किनाऱ्याच्या वाळूवर खेळे, असे सांगतात. मॅथिसनच्या काव्यात त्याचाही गौरव आहे. म्हणजे बंडाच्या आदल्या वर्षांत भावी बंडखोर आणि राजाचा न्यायाधीश एकाच मैदानावर वावरत होते.

११/ १७४५ साली रॅट्रेने पुन्हा स्पर्धा जिंकली. त्याच उन्हाळ्यात स्टुअर्ट वंशाचा राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर उतरला आणि सप्टेंबरात त्याने एडिनबरो घेतले. २१ सप्टेंबर रोजी शहराजवळ प्रेस्टनपॅन्स येथे लढाई झाली. जखमींवर उपचार करण्यासाठी रॅट्रेला अंथरुणातून उठवून नेण्यात आले, असे सांगितले जाते. त्यानंतर तो परतला नाही. राजपुत्राचा वैयक्तिक शल्यवैद्य म्हणून तो सैन्याबरोबर निघाला.

१२/ हे सैन्य इंग्लंडमध्ये डर्बीपर्यंत गेले आणि तेथून मागे फिरले. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर त्याचा पुरता मोड झाला. योगायोग असा की, ज्या कलोडनच्या वाड्यात राजपुत्राने लढाईपूर्वी मुक्काम केला, तो फोर्ब्सचाच वाडा. बंडाच्या काळात उत्तरेकडील अनेक टोळ्यांना स्टुअर्टांना मिळण्यापासून परावृत्त करणारा मनुष्यही फोर्ब्सच होता.

१३/ रॅट्रे पकडला गेला. फोर्ब्सने त्याच्यासाठी शब्द टाकला आणि त्याची सुटका झाली. मात्र विजयी सेनापती ड्यूक ऑफ कंबरलंड याच्या आज्ञेवरून त्याला पुन्हा अटक झाली व लंडनला पाठवण्यात आले. तेथे अनेक महिने नजरकैदेत काढल्यावर, जानेवारी १७४७ मध्ये राजनिष्ठेची शपथ घेऊन तो मोकळा झाला. त्याच्या पक्षाच्या अनेकांना याच काळात फाशी झाली होती.

१४/ फोर्ब्सने हे केवळ खेळातील सोबत्यासाठी केले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पराभूतांशी सर्वसाधारणपणेच दयेने वागावे, असा त्याचा आग्रह होता. त्या आग्रहाला कंबरलंडने फारशी दाद दिली नाही. सरकारसाठी पदरचा खर्च करूनही त्याची पूर्ण भरपाई न मिळता फोर्ब्स डिसेंबर १७४७ मध्ये निवर्तला. तरीही असंख्य कैद्यांतून एका नावापाशी त्याची लेखणी थांबली, याला परिचयाचे कारण होतेच. आणि तो परिचय लीथच्या मैदानाचा होता.

१५/ रॅट्रे एडिनबरोला परतला. १७५१ साली त्याने चांदीची काठी तिसऱ्यांदा जिंकली. ज्याने राजाविरुद्ध उभ्या राहिलेल्या सैन्याची सेवा केली, त्याच्याच हाती शहराच्या खेळाडूंनी पुन्हा आपल्या तंट्यांचा निवाडा सोपवला. कप्तानपद जिंकण्याची अट एकच होती, आणि तिच्यात राजकीय निष्ठेचा उल्लेख नव्हता.

१६/ ही प्रथा लवकरच फोर्थच्या खाडीपलीकडे गेली. १४ मे १७५४ रोजी फाइफ परगण्यातील २२ सरदार व सद्गृहस्थांनी सेंट अँड्र्यूज येथे स्वतःची चांदीची काठी लावली आणि लीथचे नियम जवळजवळ जसेच्या तसे स्वीकारले. पहिला विजेता ठरला विल्यम लँडेल, गावातील एक व्यापारी. सरदारांच्या काठीवर व्यापाऱ्याने नाव कोरले.

१७/ रॅट्रेच्या पुढच्या पिढीतला मोठा खेळाडू म्हणजे रॉस्लिनचा विल्यम सेंट क्लेअर. लीथला तो चार वेळा कप्तान झाला, सेंट अँड्र्यूजला तीन वेळा. १७६४ साली तो सेंट अँड्र्यूजचा कप्तान असताना तेथील पहिल्या चार होलांचे दोन करण्यात आले. जाताना आणि येताना तेच होल खेळले जात, म्हणून २२ होलांची फेरी १८ वर आली. जगभर आज अठरा होल खेळले जातात, त्याचे मूळ येथे आहे.

१८/ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेंट अँड्र्यूजमध्ये एक निर्णायक बदल झाला. कौशल्यासाठी सुवर्णपदक ठेवण्यात आले आणि कप्तान निवडला जाऊ लागला. मग चांदीच्या काठीचे काय? त्यावर शोधलेला तोडगा गमतीचा आहे. नवा कप्तान सप्टेंबरातील एका सकाळी पहिल्या टीवरून एकच फटका मारतो, तोफ उडते आणि स्पर्धेत दुसरा कोणी नसल्याने तो ‘जिंकतो’. तो चेंडू आणून देणाऱ्या कॅडीला, म्हणजे खेळाडूच्या काठ्या वाहणाऱ्या सेवकाला, सोन्याचे नाणे मिळते.

१९/ कप्तानाने काठीला चांदीचा चेंडू जोडण्याची प्रथाही टिकली. वार्षिक भोजनात नव्या सदस्यांनी या चेंडूंना ओठ लावायचे असतात. याच क्लबच्या वसंतस्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाला ‘बॉम्बे मेडल’ दिले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या गोल्फ क्लबने ते भेट दिले. त्या काळी मुंबईत खेळणारे बहुतेक स्कॉटिश व इंग्रज असले, तरी आपल्या शहराचे नाव सेंट अँड्र्यूजला पोचले ते असे.

२०/ पद खेळातून सुटून प्रतिष्ठेकडे गेले, तेव्हा त्याची दारेही अरुंद झाली. १९२२ साली युवराज एडवर्ड कप्तान झाला. राजघराणे या पदावर सहज बसू शकत होते. कॅडी नाही, स्त्रिया तर नाहीतच. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने स्त्रियांना सदस्यत्व देण्याचा ठराव २०१४ साली केला, म्हणजे स्थापनेनंतर २६० वर्षांनी. लीथच्या मंडळाचा वारसा सांगणाऱ्या क्लबला त्यासाठी २०१७ पर्यंत वेळ लागला.

२१/ एक दार मात्र मधेच उघडले होते. फ्रान्सिस विमेट हा अमेरिकेतील ब्रुकलाइनच्या एका माळ्याचा मुलगा. घरासमोरच्याच क्लबवर तो कॅडी होता. १९१३ साली, विसाव्या वर्षी, त्याने हौशी खेळाडू म्हणून अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली, तीही हॅरी व्हार्डन आणि टेड रे या इंग्लंडच्या नामवंत व्यावसायिकांना हरवून. १९१६ मध्ये क्रीडासाहित्याचे दुकान चालवतो म्हणून त्याचा हौशी दर्जा काढून घेतला गेला. १९१८ मध्ये तो परत मिळाला. १९५१ साली तो रॉयल अँड एन्शंटचा पहिला अमेरिकी कप्तान झाला.

२२/ त्या सकाळी चेंडूमागे धावणाऱ्या कॅडींसमोर फटका मारायला उभा होता तो एकेकाळचा कॅडी. त्याला हे पद रक्ताने मिळालेले नव्हते. रॅट्रेप्रमाणे तोही खेळून तेथवर आला होता.

२३/ लीथच्या मंडळाने १८३६ मध्ये ते मैदान सोडले. आधी मसलबरा, मग १८९१ पासून म्युअरफील्ड असा त्याचा प्रवास झाला. लीथच्या हिरवळीवर २०१९ साली रॅट्रेचा पुतळा उभारण्यात आला. तो तिथे आहे तो नियमांवरच्या स्वाक्षरीमुळे. पण त्या स्वाक्षरीला वजन आले होते ते वेगळ्याच कारणाने : वाद झाला तर या माणसाचा शब्द मानायचा, असे त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी आधीच ठरवले होते.