टिंब कधी गळते? मराठी संक्षेपांचा धावता इतिहास

'मु. पो. करमाळा, ता. करमाळा, जि. सोलापूर' हा पत्ता आपण इतक्या वेळा लिहिलेला असतो, की त्यातली चार टिंबे आपल्याला दिसेनाशी होतात. इंग्रजीत संक्षेप ओळखू येतो तो मोठ्या लिपीतल्या अक्षरांनी. 'नासा'ची सगळी अक्षरे मोठी लिहावीत की पहिलेच, यावर तिकडच्या वृत्तपत्रांचे अजून एकमत नाही. 'रडार' तर मुळात संक्षेप असूनही लहान अक्षरांत स्थिरावला. देवनागरीत मोठी-लहान अक्षरेच नाहीत. मग आपण हे काम कशाने भागवले?

मोडी दप्तरांत 'मु॥' म्हणजे मुक्काम, 'मौ॥' म्हणजे मौजे, 'प॥' म्हणजे परगणे. शब्दाचे पहिले अक्षर लिहायचे आणि पुढे दोन दंड ओढायचे, ही कारकुनाची सोय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेजर कँडी यांच्या प्रयत्नांनी इंग्रजी विरामचिन्हे मराठीत रुळू लागली आणि छापील मजकुरात दंडांची जागा टिंबाने घेतली. अक्षर मात्र आपलेच राहिले. विष्णु वामन शिरवाडकर 'वि. वा.' झाले, 'व. वा.' नव्हे. म्हणजे आपण वर्ण न घेता काना-मात्रा-वेलांटीसह अख्खे अक्षर घेतो. 'जि.' आणि 'ता.' मधला स्वरही तसाच टिकला आहे. याउलट श्रीधर महादेव जोशी 'एस. एम.' झाले, ते इंग्रजी वर्णांच्या नावांनी. एकाच समाजात आद्याक्षरांच्या या दोन रीती शेजारी शेजारी नांदल्या.

टिंब केव्हा गाळावे? आमच्या मते याचे उत्तर विभक्ती देते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली एस. टी. धावली. पुढे लोक 'एसटीने' जाऊ लागले, अनेकवचनी 'एसट्या' झाल्या, आणि टिंबे आपोआप गळाली. महामंडळाच्या मराठी नावाची आद्याक्षरे 'म. रा. मा. प. म.' कोणाच्या तोंडी बसली नाहीत. त्यांना प्रत्यय लावायची वेळच आली नाही. 'पु. ल.' यांचे तर 'पुलंनी', 'पुलंचे' झाले. तिथे टिंब गेले आणि आदरार्थी बहुवचनाचा अनुस्वार आला. जिव्हाळ्याची एवढी नेमकी खूण मोठ्या लिपीला साधली नसती.

पण शब्द झालेला संक्षेप आपले मूळ विसरतो, हेही ध्यानात घ्यावे. याच सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले, ते 'शेकाप'चे म्हणून. हा शब्द उच्चारायला सोपा आहे, प्रत्ययही सहज घेतो. मात्र त्याच्या पोटातले 'शेतकरी' आणि 'कामगार' आज किती विद्यार्थ्यांना ऐकू येतात? टिंब असते तेव्हा ते निदान सांगत असते, की इथे काही गाळलेले आहे, विचारा.

म्हणून वर्गात आम्ही एवढेच सुचवू: प्रत्यय लागून शब्द घडला असेल तर टिंबे खुशाल गाळावीत, पण लेखात प्रथम येताना पूर्ण नाव एकदा लिहावे. निदान त्या एका ठिकाणी तरी शेतकरी आणि कामगार वाचकाला भेटतील.