शिशाचा एक दाणा

गळ टाकून मासा धरणे ही मनुष्याच्या अतिप्राचीन विद्यांपैकी एक होय. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ मराठी अभ्यासकांस परिचित आहे तो महाराष्ट्रातील स्त्रियांच्या ओवीगायनाच्या त्यातील उल्लेखामुळे. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण असून त्यात माशांच्या जाती, त्यांचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची रीत यांचे निरूपण आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. कोकणात व गोव्यात गळाला गरी म्हणतात. तेथे ‘गरवणे’ हा कित्येकांच्या पोटापाण्याचा भाग. राजाच्या दरबारी मात्र तो विनोद होता. उपजीविकेच्या कामाला नियम थोडे असतात, विनोदाला फार. या विनोदाचे सर्वांत काटेकोर आणि म्हणूनच सर्वांत भांडखोर नियमशास्त्र इंग्लंडात तयार झाले. त्या शास्त्रातील एका क्षुल्लक वस्तूचा, दोरीला चिमटून लावायच्या शिशाच्या दाण्याचा, इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रथम या पद्धतीचे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. सामान्य गळात जड वजन पुढे फेकले जाते आणि त्याच्यामागे हलकी दोरी ओढली जाते. कृत्रिम माशीने ट्राउट मासा धरण्याच्या पद्धतीत हा क्रम उलटा असतो. पिसे व केस यांची बनविलेली माशी इतकी हलकी असते की ती फेकता येतच नाही. म्हणून जाड, वजनदार दोरी काठीच्या झोक्याने हवेत उलगडायची आणि तिच्या टोकाशी जोडलेल्या बारीक, पाण्यात न दिसणाऱ्या धाग्याने माशी अलगद पाण्यावर उतरवायची. या धाग्याला लीडर म्हणतात. पूर्वी तो घोड्याच्या शेपटीच्या केसांचा असे, पुढे रेशमाच्या किड्याच्या रेशीमग्रंथी ताणून केलेल्या तंतूचा झाला आणि विसाव्या शतकात नायलॉनचा. या धाग्यावर शिशाचा दाणा बसविला की दोरीचा झोका त्या ठिकाणी मोडतो, धागा गुंततो आणि माशी धपकन पडते. तरीही दाणा बसविण्याचा मोह सुटत नाही. याचे कारण असे, की ट्राउट आपले बहुतेक अन्न पाण्याच्या पृष्ठभागाखालीच खातो आणि हलकी माशी तेथवर पोहोचत नाही.

शिसे या विद्येला नवे नव्हते. १४९६ मध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकाने छापलेल्या, परंपरेने डेम ज्युलियाना बर्नर्स हिच्या नावावर असलेल्या गळविषयक प्रबंधात दोरीला शिसे किती व कोठे लावावे, हे सांगितले आहे आणि बारा कृत्रिम माश्यांची कृतीही दिली आहे. पंधराव्या शतकात या दोन गोष्टी एकाच पुस्तकात शेजारी शेजारी नांदत होत्या. त्यांच्यात सोवळे-ओवळे आले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस.

हॅम्पशायर परगण्यातील टेस्ट आणि इचेन या चुनखडीच्या झऱ्यांतून वाहणाऱ्या, काचेसारख्या स्वच्छ नद्या. त्यांच्या काठी फ्रेडरिक हॅल्फर्ड या गृहस्थांनी ‘कोरड्या माशी’चा संप्रदाय स्थापन केला. १८८६ आणि १८८९ च्या त्यांच्या दोन ग्रंथांनी त्याला शास्त्राचे रूप दिले. मासा वर येऊन खाताना दिसला पाहिजे, माशी तरंगती असली पाहिजे आणि ती प्रवाहाच्या वरच्या दिशेस टाकली पाहिजे, असा दंडक पडला. जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या वकिलांनी १९१० च्या आपल्या पुस्तकात त्याला छेद दिला. मासा जर पाण्याखालची, अद्याप पंख न फुटलेली कीटकावस्था खात असेल, तर तिचीच प्रतिकृती पाण्याखाली का टाकू नये, हा त्यांचा प्रश्न. या अवस्थेला निम्फ म्हणतात. स्क्यूज यांची निम्फ विनावजनाची होती व पृष्ठभागाच्या लगत खालीच राहत असे. तरीही वाद थांबला नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या विषयावर रीतसर वादसभा भरली. ऐंशीच्या उंबरठ्यावरील स्क्यूज यांनी त्याच वर्षी इचेनवरील आपले नेहमीचे पाणी सोडले.

वजनाचा प्रश्न सोडविला तो विल्टशायरमधील एव्हन नदीच्या एका रखवालदाराने. नेदरेव्हन येथील फ्रँक सॉयर हे ना वकील, ना जमीनदार. नदीची निगा राखणे हा त्यांचा पेशा. त्यांनी निम्फ बांधताना रेशमी धाग्याऐवजी बारीक तांब्याची तार वापरली आणि तिच्यावर फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू गुंडाळले. तांबे पाण्याच्या सुमारे नऊपट जड. त्यामुळे वजन माशीच्या अंगातच मुरले आणि लीडर मोकळा राहिला. १९५८ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ही कृती सविस्तर मांडली. आजही ती जगभर वापरली जाते, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत लीडरवर वेगळे वजन लावण्यास मनाई आहे.

येथवरचा सारा वाद माशाशी न्यायाने वागण्याचा आणि सभ्य माणसाच्या शिष्टाचाराचा होता. त्या दाण्याने खरी हानी केली ती वादात कोठेच नसलेल्या एका पक्ष्याची. साध्या तरंग्याच्या गळाने मासे धरणारे लक्षावधी लोक असेच फट पाडलेले शिशाचे दाणे दोरीवर दाताने चिमटीत. दोष मुख्यतः त्यांच्याकडे जातो, माशीवाल्यांचा वाटा त्यात अल्प. पण दाणा तोच. दोरी अडकून तुटली की ते दाणे तळाशी पडत. हंसाला दात नसतात. तो बारीक खडे गिळतो आणि पेषणीत त्यांच्या साहाय्याने अन्न दळतो. शिशाचा दाणा त्याला खड्यासारखाच वाटे. पेषणीत तो झिजे, जठररसात विरघळे आणि विष रक्तात जाई. स्नायू लुळे पडत, उभी डौलदार मान पाठीवर कलंडे आणि भरल्या पोटाने पक्षी उपाशी मरे. आपल्या कवींनी ज्याला नीरक्षीरविवेकाचे प्रतीक मानले, त्या हंसाला शिसे आणि खडा यांतला भेद करता आला नाही. शेक्सपिअरला ‘एव्हनचा हंस’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्याच्या स्ट्रॅटफर्ड गावातील हंसांचा थवा १९७० च्या दशकात नाहीसा झाला. (ती एव्हन सॉयर यांच्या एव्हनहून निराळी.)

१९८१ मध्ये ब्रिटनच्या निसर्ग संरक्षण परिषदेने हंसांच्या शिसेबाधेवर अहवाल प्रसिद्ध केला. मृत्यूंचा आकडा दरवर्षी हजारांच्या घरात होता. १९८३ मध्ये पर्यावरण प्रदूषणविषयक शाही आयोगानेही शिशाचा प्रश्न हाती घेतला. प्रथम मार्ग धरला तो स्वेच्छेचा: गळ टाकणाऱ्यांनी आपणहून शिसे सोडावे. शासकीय सेवेत हयात घालविलेल्या आम्हांस या मार्गाची गती ठाऊक आहे. आवाहने निघतात, सर्वजण मान डोलावतात आणि दुकानांतला माल संपत नाही. अखेर १ जानेवारी १९८७ पासून ०.०६ ग्रॅमहून अधिक आणि २८.३५ ग्रॅम, म्हणजे एक औंस, इथवरच्या शिशाच्या वजनांची विक्री व आयात कायद्याने बंद झाली. वापरावर उपविधींनी बंदी आली. त्याहून बारीक व त्याहून मोठी वजने वगळली गेली. शिसेबाधेचे प्रमाण पुढील वर्षांत घटले आणि हंसांची संख्या पुन्हा वाढली. पर्याय म्हणून कथिल व टंगस्टन आले. टंगस्टन तर शिशाहून दीडपटीपेक्षाही अधिक घन. किमतीला मात्र जड.

या इतिहासातून आम्हांस एकच गोष्ट अधोरेखित करावीशी वाटते. नदीकाठचा समाज सुशिक्षित होता, नियमप्रिय होता, अर्धशतक तो बारीकसारीक औचित्यावर वाद घालीत होता. परंतु त्याच्या सर्व नियमांचा विषय माणूस आणि मासा एवढाच होता. दोरी तुटल्यावर तळाशी जे राहते, त्याचा हिशेब कोणत्याही नियमात नव्हता. शिशावाचून वजन देता येते, हे सॉयर यांच्या तांब्याच्या तारेने १९५८ मध्येच सर्वांसमोर होते. ती तार शिशाला पर्याय म्हणून पाहिली गेली नाही. कायद्याने दुकानातले शिसे बंद केले. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या सांडलेले दाणे त्या नद्यांच्या चिखलात राहिले, आणि शिसे कुजत नाही.