सावित्रीचा जलमार्ग आणि दासगाव बंदर

रायगड जिल्ह्यातील नदीप्रवास म्हटला की आज कोलाडचे, कुंडलिकेवरील राफ्टिंग आठवते. बाणकोटच्या मुखातून आत येणाऱ्या सावित्रीच्या संथ जलमार्गाचे मोल मात्र निराळ्या कारणाने आहे. महाड सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर २४ डिसेंबर १९२७ रोजी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले व दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरले. धरमतरमार्गे जावे तर पुढे मोटारीवाचून गत्यंतर नव्हते, आणि मोटारवाल्यांनी बहिष्कृतांना नाकारले असते तर वाटच खुंटली असती. दासगावहून महाड पाच मैल. तेवढे अंतर पायी जाता येत होते. परिषदेचे संघटक रामचंद्र बाबाजी मोरे यांचा दासगावशी निकटचा संबंध होता, हेही लक्षात घ्यावे. बंदरावर सत्याग्रही हजारोंच्या संख्येने वाट पाहत होते. त्याच रात्री महाडला मनुस्मृतीचे दहन झाले.