पिकासोच्या शेजारी फेथ रिंगोल्ड

न्यूयॉर्कचं मोमा. ऑक्टोबर 2019 मध्ये या म्युझियमने आपलाच संग्रह नव्याने मांडला. पिकासोच्या 1907 च्या 'आव्हिन्याँच्या तरुणी'जवळ लागलं फेथ रिंगोल्डचं 1967 चं 'डाय': रक्तबंबाळ काळे-गोरे, आणि मधोमध बिलगून बसलेली दोन पोरं. तेव्हा मोमातच असलेलं पिकासोचं 'गेर्निका' बघायला फेथ जायची, त्याचीच छाप या चित्रावर आहे. आणि कृष्णवर्णीय कलाकारांना जागा द्या म्हणून त्याच म्युझियमसमोर तिने निदर्शनंही केली. 'डाय' मोमाने घेतलं कधी? थेट 2016 मध्ये! नवी मांडणी वगैरे ठीक, पण चित्र आधी संग्रहात तर हवं ना. पिकासोशेजारी जागा मिळाली तेव्हा फेथ 89 वर्षांची होती.