एस्पेरांतो सोपी, चेक अवघड. मग शिकावी कोणती?

परकीय भाषा शिकू पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, 'किती दिवसांत येईल?' अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेने इंग्रजी भाषकांसाठी याचे कोष्टकच केले आहे. त्यात कामकाजापुरती चेक भाषा येण्यास ४४ आठवडे, म्हणजे वर्गातील सुमारे १,१०० तास धरले आहेत. एस्पेरांतोचे मूळ व्याकरण मात्र १६ नियमांत आटोपते. मध्य युरोपशी नाते असलेल्या या दोन भाषांची तुलना करताना केवळ तासांचा हिशेब पुरेसा ठरत नाही.

एस्पेरांतो ही घडवलेली भाषा आहे. बियाविस्तोक या बहुभाषक गावात १८५९ साली जन्मलेल्या लुडविक झामेनहॉफ या नेत्रवैद्याने १८८७ साली वॉर्सा येथे तिचे पहिले पुस्तक 'डॉक्टर एस्पेरांतो' या टोपणनावाने प्रसिद्ध केले. एस्पेरांतो म्हणजे आशा बाळगणारा. कोणत्याही एका राष्ट्राची नसलेली, सर्वांना सारखीच परकी आणि सारखीच सोपी अशी दुसरी भाषा असावी, हा त्यामागील विचार होता. चेक ही पश्चिम स्लाव्ह कुळातील, सुमारे एक कोटी लोकांची मातृभाषा. २००४ पासून ती युरोपीय महासंघाच्या अधिकृत भाषांपैकी एक आहे.

एस्पेरांतोत नाम 'ओ'ने संपते, विशेषण 'आ'ने, क्रियाविशेषण 'ए'ने. 'लेर्नी' म्हणजे शिकणे; त्याचा वर्तमानकाळ 'लेर्नास', भूतकाळ 'लेर्नीस', भविष्यकाळ 'लेर्नोस'. कर्ता कोणीही असो, रूप बदलत नाही आणि अपवाद एकही नाही. शब्दसाठाही असाच जोडून वाढतो. 'साना' म्हणजे निरोगी, 'मालसाना' म्हणजे आजारी, 'मालसानुलो' म्हणजे रुग्ण आणि 'मालसानुलेयो' म्हणजे रुग्णालय. एका धातूवर प्रत्यय चढवून शब्दांचे कुटुंब उभे करण्याची ही रीत संस्कृत शिकलेल्यास अजिबात अनोळखी वाटणार नाही.

चेक भाषेत याच्या उलट. नामांना सात विभक्ती, तीन लिंगे आणि शब्दाच्या अंत्याक्षरानुसार बदलणाऱ्या रूपांचे तक्ते. एक बिअर मागवायची तर 'येद्नो पिवो', दोन असतील तर 'द्व्ये पिवा' आणि पाच असतील तर 'प्येत पिव'. कारण पाचपासून पुढे नाम षष्ठीच्या अनेकवचनात जाते. एस्पेरांतोत दोन काय आणि पाच काय, 'बिएरोय' एवढेच. क्रियापदांच्याही जोड्या असतात: 'प्सात' म्हणजे लिहिणे, 'नाप्सात' म्हणजे लिहून काढणे. कोणते कुठे वापरावे, हे बहुतेकांना नियमांपेक्षा सवयीनेच कळते.

मात्र या तुलना बहुधा इंग्रजी भाषकाला समोर ठेवून केलेल्या असतात. मराठी माणसासाठी चित्र थोडे बदलते. चेक भाषेतील सात विभक्ती म्हणजे संस्कृतातील आठांमधून पंचमी वजा केलेली यादी. हाक मारताना आपण 'मुलगा'चे 'मुला' करतो, तसा तिथे 'पावेल'चा 'पावले' होतो. भूतकाळात 'तो गेला, ती गेली' असा लिंगभेद तिथेही आहे. सर्वांत गमतीचे साम्य कर्मात आढळते. 'कुत्र्याला पाहिले' पण 'किल्ला पाहिला' असे आपण म्हणतो. चेक भाषेतही पुल्लिंगी सजीव कर्माचे रूप बदलते, 'पेस'चे 'प्सा' होते. 'ह्राद' म्हणजे किल्ला मात्र तसाच राहतो. इंग्रजी भाषकाला डोकेदुखी वाटणारा हा नियम आपल्या तोंडात आधीपासून आहे. उलट एस्पेरांतोत कर्म सजीव असो वा निर्जीव, त्याला 'न' लावावाच लागतो, आणि किल्ल्याच्या बाबतीत तो विसरण्याची शक्यता मराठी शिकाऊंना अधिक.

शब्दांतही जुने नाते दिसते. 'व्दोवा' म्हणजे विधवा, 'नेबे' म्हणजे आकाश, आपले नभ. 'व्ल्क' म्हणजे लांडगा, संस्कृतातील वृक. स्वर नसलेला हा शब्द पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण त्यातील 'ल्' हाच स्वराचे काम करतो. उच्चारात खरी अडचण एकच: संगीतकार द्वोर्झाक यांच्या नावातील 'र' आणि 'झ' एकाच वेळी उच्चारण्याची. एस्पेरांतोचा शब्दसाठा मात्र प्रामुख्याने लॅटिन कुळातील असल्याने इंग्रजी जाणणाऱ्यास तो लवकर ओळखीचा होतो. चेक लोकांनी एकोणिसाव्या शतकातील भाषिक पुनरुज्जीवनात स्वकीय शब्दांचा आग्रह धरला. म्हणून तिथे 'थिएटर' नाही, 'दिवाद्लो' आहे. 'पाहणे' या धातूवरून आलेला, आपल्या 'प्रेक्षागृहा'सारखा.

सोपेपणाच्या कसोटीवर एस्पेरांतो निर्विवाद पुढे आहे. अडचण येते ती शिकल्यानंतर. तिच्या भाषकांचे अंदाज लाखापासून वीस लाखांपर्यंत जातात आणि ते जगभर विखुरलेले आहेत. ज्या शहरात गेल्यावर दुकानदारापासून पोलिसापर्यंत सर्व जण ती बोलतील, असे शहर नाही. त्याऐवजी आहे ते संमेलनांचे, पत्रमैत्रीचे आणि १९७४ पासून चाललेल्या 'पास्पोर्ता सेर्वो' या आतिथ्ययोजनेचे जाळे, ज्यात एस्पेरांतो भाषक परस्परांना घरी उतरवून घेतात. १९६० च्या सुमारास विनोबा भावे यांनीही या भाषेचे धडे घेतले होते.

चेक शिकणाऱ्यास याउलट एक पूर्ण देश मिळतो. हाशेक, चापेक आणि कुंदेरा मुळातून वाचता येतात. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची बाब अशी की, चेक प्रजासत्ताकातील सरकारी विद्यापीठांत चेक माध्यमातून शिकल्यास परदेशी विद्यार्थ्यांनाही शिक्षणशुल्क नाही. इंग्रजी माध्यमासाठी ते भरावे लागते. कायमस्वरूपी वास्तव्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून 'अ-२' पातळीची भाषापरीक्षा लागते. अर्थात पुस्तकी चेक शिकून प्रागच्या रस्त्यावर उतरणाऱ्यास पहिला धक्का बसतो तो बोलीचा. लेखी आणि बोली चेकमध्ये प्रत्ययांपर्यंत फरक आहे आणि पाठ्यपुस्तके बहुधा लेखी भाषाच शिकवतात.

त्यामुळे शिक्षण वा नोकरीसाठी तिथे जायचे नक्की असेल, तर एस्पेरांतोच्या वळणाने जाण्यात वेळ घालवू नये. तसे ठरलेले नसेल आणि पहिल्यांदाच परकीय भाषेला हात घालायचा असेल, तर काही महिन्यांत पत्र लिहिण्याइतकी एस्पेरांतो येऊ शकते. दोन्ही जाणणाऱ्यांनाही तिथे सोबत मिळते: जागतिक एस्पेरांतो संमेलन १९२१ आणि १९९६ साली प्रागमध्ये, तर २०२५ साली बर्नो या चेक शहरातच भरले होते.